बाकी

बर्लेवॉगच्या धक्क्यावर थोरलेइफ मासे तोलायचा.
कॉडच्या जोड्या, शेपटीला शेपटी बांधून
लाकडी मांडवांवर वाऱ्याला टांगलेल्या,
आणि शंभर जोड्यांमागे त्याच्या वहीत एक रेघ.
चार उभ्या, पाचवी आडवी. सगळे असंच मोजतात.

एका नोव्हेंबरात सूर्य गेला तो जानेवारीपर्यंतचा गेला,
आणि थोरलेइफ आडवी रेघ मारायला विसरला.
उभीमागून उभी. एकोणीस झाल्या
तेव्हा कॉफी गार होती
आणि कागदावर मासे नव्हते:

१ १११ १११ १११ १११ १११ १११

मी तिथे सुक्या माशांची प्रत तपासायला होतो, तीन हिवाळे,
त्याच्या बहिणीच्या, रानवेइगच्या माडीवर भाड्याने.
तो गेल्यावर तिने वह्या माझ्यापुढे ठेवल्या.
एकं, दहं, शतं म्हणत मी बोट फिरवलं.
अब्ज, खर्व, निखर्व, शंकू, जलधी...
परार्धाशी पाढा संपला,
डावीकडे एक रेघ उरलीच.
आमचा एक मान वाकवून बसतो, घोंगडी घेतल्यासारखा.
त्यांचा एक ताठ.
एकोणीस खांब आणि वर मांडव नाही.

त्याने भाग द्यायला घेतला.
दोनाने: बाकी एक.
तिनाने, पाचाने, साताने: बाकी एक.
अकराने, तेराने: एक, एक.
थंडीत दार ठोठावणाऱ्या प्रत्येकाला
आतून तेच उत्तर.
मग सतरा. बाकी नऊ.
(सतरा म्हणजे आमच्याकडेही भानगडीचाच आकडा.)
त्या रात्री तो झोपला नाही, रानवेइग म्हणाली,
खालून खुर्चीचा आवाज येत होता.
एकोणिसाने पुन्हा एक.

एक रेघ पुसून बघितली:
तीन, सात, अकरा, तेरा, सगळे आत घुसले,
जत्रा भरल्यासारखे.
एक वाढवून बघितली:
अकरा, एक्केचाळीस, एकशे एक.
एकोणीस-वीसचा फरक म्हणतो आपण, सहज, चहा पिताना.

अकरा वर्षांनी त्याने ट्रोम्सोच्या विद्यापीठाला पत्र टाकलं.
उत्तर आलं, टाइप केलेलं, नम्र.
ही संख्या मूळ आहे. तिला कोणीच भागत नाही,
हे तुमच्या जन्माआधीच सिद्ध झालंय.
आणि शोधायचंच असतं, तर अडतीसाने भागून
एक उरणाऱ्या मूळ संख्याच तपासायला हव्या होत्या.

पत्रातलं पहिलं त्याने वाचलं.
दुसरं त्याने घेतलं.
एकशे एक्क्याण्णव. दोनशे एकोणतीस. चारशे एकोणीस.
दुसऱ्या दिवसापासून, नव्या वहीत, नव्या पेन्सिलीने.

"सिद्ध झालंय ना?" मी विचारलं.
रानवेइग खिडकीची फट कापडाने बुजवत होती.
"मी पण विचारलं एकदा. म्हणाला,
समुद्रात मासे आहेत हेही सिद्ध झालंय,
म्हणून बोटी थांबतात का?
मग स्वतःच म्हणाला, नाही, हे उदाहरण चुकलं.
आणि पुन्हा खाली गेला."

शेवटच्या पानावर सहा हजार दोनशे एकाहत्तर.
अर्धा भागाकार. बारावा अंक उतरवलेला,
तेरावा नाही.
ती बघत होती म्हणून मी पेन्सिल घेतली.
शाळा सुटल्यापासून एवढा लांब भागाकार केला नव्हता.
एकदा चुकलो, खोडलं,
त्याच्या अक्षरांखाली माझी वाकडी.
सातदा एक खाली आणला.
बाहेर मांडवावर मासे एकमेकांवर आपटत होते,
कोरड्या लाकडाचा आवाज.

तिच्या भाषेत तिने एवढंच विचारलं की काय उरलं.
मला ते आपल्यासारखं ऐकू आलं,
दारात चपला काढताना विचारतात तसं:
बाकी काय?

पाच हजार दोनशे नव्व्याण्णव, मी म्हणालो.
तिने मान डोलावली.
वही ओढून घेतली, तारीख टाकली,
आणि खाली पुढचा आकडा कोणता येतो
तो मला विचारला.